विनाचेंडू गोल्फ

छंदाच्या रकान्यात मी नेहमीसारखं 'वाचन' लिहून मोकळा झालो असतो, तर आज माझी कंबर शाबूत असती, हॉलमधल्या दिव्याला काच असती आणि मी जिन्यात दिसलो की इमारतीतल्या बायका गालिचा आणायला आत पळाल्या नसत्या. पण माणसाला नाही तिथे हुशारी सुचते.

आमच्या विमा कंपनीत दरवर्षी एक फॉर्म भरावा लागतो. चार पानी. स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ करायची आणि ती करताना आपण किती नम्र आहोत हेही दाखवायचं, असा तो अवघड कागद आहे. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, 'छंद' नावाचा रकाना. तो कोणी वाचत नाही असा समज असेल, तर तुम्ही कधी नोकरी केलेली नाही. मागचे मोठे साहेब बागकामवाले होते. त्या काळात आमच्या एका मजल्यावर एकोणतीस कुंड्या होत्या आणि झाडाला पाणी कोणी घालायचं यावरून दोन कारकुनांचं बोलणं बंद होतं. साहेब ज्या शुक्रवारी निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या सोमवारी सगळ्या कुंड्या मागच्या जिन्यात गेल्या. एकटं एक कॅक्टस राहिलं, कारण त्याला उचलायला कोणी धजावलं नाही.

नवे साहेब आले ते गोल्फवाले. केबिनमध्ये पाण्याचा ग्लास आडवा ठेवून त्यात बॉल ढकलायचे. बॉल बाहेर गेला की फाइल घेऊन आलेला माणूस म्हणायचा, 'अगदी थोडक्यात हुकला, साहेब!' मग फॉर्म आले. बहुतेकांनी सावधपणे 'गोल्फ पाहणे' लिहिलं. मी म्हटलं, पाहायचं कशाला? आणि लिहिलं, 'गोल्फ खेळणे'.

हे नसतं धाडस मी का केलं, ते सांगायला हवं. कंपनीने सहाशे किलोमीटरवर नवी शाखा उघडली होती आणि दावे विभागातला एक अनुभवी माणूस तीन वर्षांसाठी तिकडे जाणार होता. अनुभवी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे माझ्या शेजारच्या टेबलावरचे साडेपाच. साडेपाच हे काही त्यांचं नाव नाही, ते साडेपाचला उठतात म्हणून पडलेलं आहे. साहेब बोलत असले तरी उठतात. साहेबांच्या विनोदाला हसत नाहीत, वाढदिवसाच्या केकला थांबत नाहीत. असा माणूस बदलीच्या यादीत पहिला असायचा हे शेंबडं पोरही सांगेल. तरी मला धास्ती होतीच.

कारण मला जायचं नव्हतं. माझी बायको याच वर्षी तिच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. पंचवीस वर्षं खडू झिजवून मिळालेली खुर्ची सोडून ती माझ्यामागे येणार नव्हती, आणि ये म्हणायची माझी छातीही नव्हती. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, सासूबाई आमच्याकडेच. म्हणजे जायचं ते मी एकट्याने. पन्नाशी उलटल्यावर भाड्याच्या खोलीत स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचं आणि फोनवर विचारायचं, 'तुमचं झालं का जेवण?' मी घरकोंबडा माणूस आहे. घरी गेल्यावर चपला काढता काढता आतून कोणीतरी 'आलात का?' म्हटलं नाही, तर मला आपण आलोय असंच वाटत नाही.

साहेबांनी जाहीर केलं होतं, दोन महिन्यांनी नाव ठरवू. म्हणजे दोन महिन्यांत त्यांना असं वाटायला हवं होतं, की या माणसावाचून आपलं इथे पान हलणार नाही.

फॉर्म गेला आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

'अरे वा, गोल्फ खेळता? बोलला नाहीत कधी!'

'थोडंफार, साहेब.'

'स्विंग कसा आहे?'

स्विंग म्हणजे काय हेच जिथे मला ठाऊक नव्हतं, तिथे तो कसा आहे हे काय डोंबल सांगणार! पण एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एक उत्तर शिकलोय. ते कुठेही चालतं. मी म्हटलं, 'सुधारणेला वाव आहे, साहेब.'

साहेब खूष झाले. 'अहो, कोणाला नसतो? माझा बॉल बघा, मेला उजवीकडेच पळतो. बरोबर आठ आठवड्यांनी कंपनीचे सामने आहेत, जोड्यांचे. माझ्या जोडीला कोणी नाही. तुम्ही या. तोवर स्विंग सुधारून ठेवा.'

मी 'हो' म्हणून बाहेर आलो. साडेपाच पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

घरी सांगितलं तर बायको आधी हसली, मग माझं तोंड पाहून गंभीर झाली. 'अहो, तुम्हाला साधी माशी मारता येत नाही. बसलेली माशी.'

'माशी हलते. बॉल हलत नाही,' मी म्हणालो. मुलीने मोबाइलवर स्विंगचा व्हिडिओ लावून दिला. त्यातला माणूस काठी मागे नेतो, कमरेत वळतो, काठी खाली येते, बॉल दिसेनासा होतो आणि तो माणूस आपला फोटो काढून घेणार असल्यासारखा तसाच उभा राहतो. सगळं मिळून दोन सेकंद. दोन सेकंदांचं काम शिकायला आठ आठवडे आहेत, या विचाराने त्या दिवशी मी शांत झोपलो.

मैदानावर जाऊन रीतसर शिकायचं, तर सभासद व्हावं लागतं. सभासद व्हायला एका जुन्या सभासदाची शिफारस लागते, आणि माझ्या ओळखीचे एकुलते एक सभासद म्हणजे मोठे साहेब. तो दरवाजा असा बंद होता. राहिले वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. त्यांच्याकडे गोल्फची एक काठी होती. त्यांच्या जावयाची. जावई ती विसरून गेला होता आणि सहा वर्षं ते तिने माळ्यावरचे डबे खाली ओढत होते.

'काठी न्या,' ते म्हणाले, 'पण डबा काढायचा असला की मी हाक मारीन. आणि एक समजून घ्या. गोल्फ हा खेळ नाही, लंबक आहे.' मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर माझी आकृती काढली. तिला डोकं नव्हतं, कारण गणितात डोक्याचा संबंध येत नाही म्हणे. खांदे ते मनगट एक त्रिकोण, कंबर ते टाच दुसरा. डावं कोपर एकशे पंच्याहत्तर अंशात ठेवायचं. मुलीने हौसेने तो कागद फ्रिजवर लावला. दूध काढायला गेलेल्या प्रत्येकाने माझ्याकडे वळून पाहावं आणि कीव करावी, एवढाच त्याचा उपयोग झाला.

पहिला स्विंग मी हॉलमध्ये केला. सोफा सरकवला, टेबल भिंतीला लावलं, बॉल म्हणून मोज्यांची गुंडाळी ठेवली. कोपर एकशे पंच्याहत्तर अंशात आहे की नाही हे बघायला मान वळवली आणि त्याच क्षणी काठी वर छताच्या दिव्याला लागली. आवाज फार झाला नाही, काचा मात्र बऱ्याच झाल्या. मोजे जागच्या जागी होते.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाल्या, 'तुझ्या वडिलांना विचार, पुढचं काय फोडायचंय? आधी बाजूला करते.'

बायकोने केरसुणी माझ्या हातात दिली. 'गच्चीवर जा. उद्यापासून या घरात काठी नको.'

गच्ची म्हटली की सेक्रेटरी आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एका कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. दार उघडून 'या' म्हणायच्या आधी ते 'विषय?' म्हणतात.

'गच्चीवर जरा गोल्फचा सराव करायचा होता.'

'नियम चौदा. गच्चीवर चेंडूचे खेळ खेळण्यास मनाई आहे.'

'मी खेळणार नाही हो. नुसता स्विंग सुधारणार.'

'आधीचा स्विंग केला तेव्हा परवानगी होती का?'

'आधीचा नाहीच आहे.'

'नाही, तर सुधारणार काय?' असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, या सगळ्या प्रकरणात एवढा मुद्देसूद प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही. शेवटी तीन प्रतींत अर्ज केला. त्यात काठीची लांबी, काठीचं वजन आणि 'काठीचा हेतू' असे तपशील मागितले होते. पहिला अर्ज परत आला, कारण हेतूमध्ये मी 'सराव' लिहिलं होतं आणि कशाचा ते लिहिलं नव्हतं. दुसरा परत आला, कारण कशाचा ते लिहिलं होतं. मग समितीची बैठक. चौथ्या मजल्याच्या बाईंना भीती, की काठी हातातून सुटून त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर येईल. कोणीतरी म्हणालं, आज काठी घेऊन माणूस गच्चीवर जाईल, उद्या घोडा घेऊन जाईल. त्यावर घोडा लिफ्टमध्ये मावेल का, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. इंजिनिअरसाहेबांनी मापं सांगून मावणार नाही असं सिद्ध केलं, तेव्हा कुठे समिती मूळ विषयावर आली.

तीन आठवडे गेले आणि पत्र हाती पडलं : 'अर्जदारास गच्चीच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, सकाळी सहा ते सात या वेळेत, एका (१) धातूच्या काठीने, चेंडूविना, हवेत हालचाल करण्यास तात्पुरती परवानगी देण्यात येत आहे. सदर हालचालीमुळे निर्माण होणाऱ्या वाऱ्यास समिती जबाबदार राहणार नाही.'

चेंडूविना! पण हातात होते पाच आठवडे, आणि अपील करायचं तर तीन त्यातच गेले असते. मी म्हटलं, चेंडू काय, आयत्या वेळी भेटेलच.

सकाळी सहाला आमची गच्ची इतकी गजबजलेली असते हे मला माहीत नव्हतं. चालणारे, हातपाय हलवणारे, टाकीचं झाकण उघडून पाणी बघणारे. पहिल्या दिवशी सगळे लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी जवळ आले. तिसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. ज्यांनी जन्मात गोल्फची काठी धरली नाही त्यांच्या सल्ल्यात काय आत्मविश्वास असतो म्हणून सांगू! एक म्हणतो, डोकं अजिबात हलवू नका. दुसरा म्हणतो, डोक्यापासूनच तर सुरुवात आहे. टाकी बघायला आलेला प्लंबर म्हणाला, 'साहेब, पाना फिरवतो तसं फिरवा, मनगटातून.' इंजिनिअर रोज कोनमापक घेऊन माझ्या कोपराशी उभे. आणि मधूनच त्यांच्या घरून हाक यायची, की काठी खाली पाठवा, डबा काढायचाय. मग डबा निघेपर्यंत मी नुसत्या हातांनी हवेत वळत बसायचो. शेजारच्या इमारतीतली एक बाई ते पाहून तिच्या मुलाला हात धरून आत घेऊन गेली.

दहाव्या दिवशी सगळ्यांचं सगळं एकाच स्विंगमध्ये करायला गेलो आणि कमरेत 'कट्' झालं. मी त्याच अवस्थेत राहिलो. काठी खांद्यावर, तोंड टाकीकडे, पाय जिन्याकडे. लोकांना वाटलं जमलं. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तळमजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला सरळ केलं आणि पट्टा दिला. बिल दिलं नाही, पण म्हणाले, 'या वयात अशी वळायची हौस असेल, तर आधी मला सांगत जा. मी घरी असेन असं बघीन.'

त्या दिवशी मी हबकलो. चार आठवडेही उरले नव्हते. रात्रीच्या जेवणाला बसलो. समोर बायको मुलीच्या ताटात वाढत होती, सासूबाई टीव्हीचा आवाज वाढव म्हणून सांगत होत्या, रोजचंच सगळं. मला मात्र उगाच भरून आलं. बायकोने विचारलं, 'दुखतंय का?' मी म्हटलं, 'हो, कंबर.'

शेवटी मार्ग दाखवला तो सासूबाईंनी. चौथ्या दिवशी त्या गुडघे धरत गच्चीवर आल्या, मागून मुलगी हॉलमधला गालिचा घेऊन. दोरीवर गालिचा टाकला आणि म्हणाल्या, 'जावईबापू, एवढी ताकद वाऱ्यावर घालवताय, तर हा तरी झोडा. दोन वर्षं धूळ खातोय.'

माझा अपमान झाला. दावे विभागाचा उपप्रमुख मी, एकवीस वर्षांची नोकरी, आणि मला गालिचा झोडायला सांगतात! त्या तिरीमिरीत मी काठी उचलली आणि दिली ठेवून. कोन नाही, त्रिकोण नाही, डोकं बिकं काही आठवलं नाही. कंबर आपणहून वळली, खांदा मागोमाग आला, धप्पकन आवाज झाला आणि धुळीचा लोट उठला. अशा पंधरा-वीस ठेवून दिल्यावर इंजिनिअरसाहेबांनी कोनमापक खिशात टाकलं. 'हेच!' ते ओरडले. 'हाच लंबक!'

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांचा गालिचा घेऊन हजर. त्यांच्यामागे दोन गाद्या, एक सतरंजी, एका गाडीतली पायपुसणी. मुलीने वहीत वेळा लिहून द्यायला सुरुवात केली. मी स्विंग करत होतो आणि काकू खुर्ची टाकून सांगत होत्या, 'अहो, कोपरे राहिले. खालच्या बाजूला मारा, तिथे मांजर बसतं.' सेक्रेटरी एकदा तपासणीला आले. 'परवानगी हवेत हालचाल करण्याची आहे,' ते म्हणाले. 'गालिचा ही हवा नव्हे.' माझा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सहा वाजायला पाच कमी असताना ते पुन्हा आले, बगलेत समितीच्या खोलीतली गादी घेऊन. नोटीस काही आली नाही.

सामन्याच्या दिवसापर्यंत माझ्या हिशेबाने मी सव्वाशे गालिचे झोडले होते. बॉल मात्र एकही मारला नव्हता.

मैदान म्हणजे नुसती हिरवळ. इतकी कापलेली, की पाय ठेवायला भीती वाटावी. मी इस्त्रीची पॅन्ट, टोपी आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली कंबर घेऊन पोहोचलो. साहेबांची पिशवी उचलायला एक म्हातारा कॅडी होता, पांढऱ्या मिशांचा. त्याने माझ्या हातातली एकुलती एक काठी पाहिली आणि हळूच विचारलं, 'डावखुरे का, साहेब?'

'नाही. का?'

'ही डावखुऱ्याची काठी आहे. तुम्ही मारलंत तर बॉलला काठीची पाठ लागेल.'

इंजिनिअरसाहेबांचा जावई डावखुरा! कोपराचा अंश न् अंश मोजणाऱ्या त्या माणसाला काठीचं तोंड कुठे आहे ते दिसलं नाही. आणि मलाही दिसलं नाही, कारण गालिच्याला काही फरक पडत नव्हता. कॅडीने काही न बोलता साहेबांच्या पिशवीतली एक काठी माझ्या हातात दिली. देव त्याचं भलं करो.

साहेबांनी पहिला फटका मारला. बॉल उजवीकडे झाडीत गेला. सगळे म्हणाले, 'वाऱ्याने नेला.' पान हलत नव्हतं. मग माझी पाळी. मागे चार खात्यांचे अधिकारी, शेजारी साहेब, खाली बॉल. मी श्वास घेतला, वळलो, काठी खाली आली, वर गेली, आणि मी व्हिडिओतल्या माणसासारखा तसाच उभा राहिलो. बॉल जागेवरच होता.

तेवढ्यात साहेब म्हणाले, 'वा! सरावाचा स्विंग इतका देखणा!'

सरावाचाही स्विंग असतो हे मला तेव्हा कळलं. मी गंभीरपणे मान हलवली आणि आणखी एक सरावाचा केला. बॉलने तोही शांतपणे पाहिला. मागून हिशेब खात्याचा अधिकारी पुटपुटला, 'सराव घरी करून यायचा ना.' ते मला झोंबलं. घरी काय काय करून आलोय ते तुला काय माहीत, मेल्या! मी बॉलकडे पाहिलं, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा गालिचा आहे असं समजलो, आणि दिली ठेवून.

टण्ण असा आवाज झाला. बॉल सरळ, उंच, आभाळात बारीक होत गेला आणि लांबवर हिरवळीच्या मधोमध उतरला. साहेबांनी मला चक्क मिठी मारली. पट्ट्याचं बकल त्यांना टोचलं असावं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. पुढचा बॉल वाळूत, त्याच्या पुढचा तळ्यात, एक तर निकाल लिहायच्या टेबलावर. आमची जोडी शेवटची आली. पण साहेबांचा आनंद मावत नव्हता. परत येताना खांद्यावर हात टाकून म्हणाले, 'स्विंग तुमचा अप्रतिम आहे. नुसता बघत राहावा. पण बॉलवर सराव दिसत नाही. का हो?'

आता 'समितीने परवानगी दिली नाही' असं कसं सांगणार? मी म्हटलं, 'मैदान फार लांब पडतं, साहेब. जवळ असतं तर रोज गेलो असतो.'

'अस्सं!' साहेब म्हणाले आणि विचारात पडले.

घरी आलो तो तरंगतच. सासूबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांनी 'पट्टा जपून' म्हटलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर लिफाफा होता आणि चेहऱ्यावर वाढदिवसाची भेट देणाऱ्या माणसाचं हसू. 'उघडा.'

उघडला. बदलीचा आदेश. सहाशे किलोमीटर, तीन वर्षं, माझं नाव.

'शाखेच्या खिडकीतून मैदान दिसतं!' साहेब म्हणाले. 'मी मुद्दाम चौकशी केली. चालत चार मिनिटं. रोज सकाळी खेळा, रोज संध्याकाळी खेळा.'

मी म्हटलं, 'साहेब, मला गोल्फ येत नाही.'

'हाच तुमचा मोठेपणा.'

'खरंच येत नाही, साहेब. मी गालिचे झोडलेत.'

साहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसले. मग मला हसू येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. 'काय हो? बरं नाही वाटत का?'

'साहेब, मला जायचं नाही.' शब्द आपणहूनच बाहेर पडले. 'बायकोची नोकरी इथे आहे. ती येऊ शकणार नाही. आणि मला... मला तिच्यावाचून राहता येणार नाही.'

साहेबांनी चष्मा परत घातला. 'मग हे आधी का नाही बोललात?'

मी आदेश परत लिफाफ्यात घालू लागलो.

'तुमच्या शेजारच्या टेबलावरचे ते पहिल्याच दिवशी आले. म्हणाले, आई अंथरुणाला खिळलीय, मी जाऊ शकत नाही. दोन मिनिटं बोलले आणि गेले. मी त्यांचं नाव तिथल्या तिथे काढलं. तुम्ही रोज केबिनमध्ये येत होता. मला वाटलं, तुमची काही हरकत नाही. दुसऱ्या शाखेतला एक माणूस जायला तयार होता, त्याला मी सामन्यानंतर लगेच नाही म्हणून कळवलं. आता वरून सही झालीय. मला काही करता येणार नाही हो.' आणि खरोखर वाईट वाटल्यासारखे ते खाली बघत राहिले.

बाहेर आलो तेव्हा साडेपाच आपलं टेबल आवरत होते. घड्याळात साडेपाच झाले होते.

घरी बायको शाळेचं वेळापत्रक पसरून बसली होती. मी आदेश त्यावर ठेवला. तिने दोनदा वाचला.

'म्हणजे तुम्ही साहेबांना सांगितलंच नव्हतं?'

'काय?'

'की मला जायचं नाही म्हणून!'

'साहेबांना असं तोंडावर कसं सांगायचं?'

'अहो, मला वाटलं ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. आणि हे गोल्फबिल्फ आपलं वरून चाललंय.' तिने कपाळाला हात लावला. 'आज तरी सांगितलंत का?'

'सांगितलं. म्हटलं, मला बायकोवाचून राहता येणार नाही.'

ती माझ्याकडे बघतच राहिली. 'असं म्हणालात? साहेबांना?'

'हो.'

'आणि मला कधी म्हणालात?'

सत्तावीस वर्षांचा संसार मी मनातल्या मनात चाळून पाहिला. तिला पगार वाढल्याचं सांगितलं होतं, दात दुखल्याचं सांगितलं होतं, गिझर बिघडल्याचं तर अनेकदा सांगितलं होतं. हे कधी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीतच असेल असं मी धरून चाललो होतो.

मग सांगितलं. बदलीचा आदेश समोर ठेवून, चपला पायात तशाच, सगळं एका दमात सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वेळापत्रकाची घडी घातली, ती पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली.

'मोठी बॅग पलंगाखाली आहे,' ती म्हणाली आणि रडायला लागली.